लायब्ररीवाल्या काकूंचं पुस्तक

राँग नंबर आला की तेवढं सांगून फोन ठेवून देणं, ही साधी गोष्ट लायब्ररीवाल्या काकूंना उभ्या जन्मात जमली नाही. "नहीं भैया, ये गुप्ताजी का घर नहीं है," एवढं त्या म्हणायच्या, पण तिथे थांबायच्या नाहीत. गुप्ताजींकडे काय काम होतं, आवाज असा बसलेला का, घरी कोणी आजारी आहे का, हे सगळं विचारून व्हायचं. बहुतेक लोक अवघडून फोन ठेवायचे. देवासच्या एका टायरवाल्यांनी मात्र ठेवला नाही. त्यांच्या आईचं ऑपरेशन होतं आणि ते सांगायला त्यांना कोणीतरी हवंच होतं. पुढे कित्येक वर्षं दर दिवाळीला त्यांचा "माताजी, प्रणाम" म्हणून फोन यायचा. त्यांना काकूंचं नाव माहीत नव्हतं, काकूंनी त्यांचा चेहरा पाहिलेला नव्हता, आणि दोघांचंही त्यावाचून काही अडत नव्हतं.

आमच्या हिंदी मुलखातल्या सुदामा नगरात आम्हा मराठी घरांना त्या लायब्ररीवाल्या काकू म्हणूनच ठाऊक होत्या. मराठी मंडळाच्या हॉलमागच्या खोलीत पुस्तकांची चार कपाटं होती आणि त्यांच्या किल्ल्या काकूंच्या कमरेला. रोज दिवेलागणीला त्या खोली उघडून बसायच्या. पुस्तक परत करायला आलेल्या प्रत्येकाला त्या एकच प्रश्न विचारायच्या, "शेवट पटला का?" उत्तर दिल्याशिवाय पुढचं पुस्तक मिळत नसे. मी नऊ-दहा वर्षांची असताना राजकन्येच्या कुठल्याशा गोष्टीचा शेवट मला पटला नाही असं सांगितलं, तर काकूंनी मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "मग तू सांग." मी सांगितला. माझ्या शेवटात राजकन्या लग्नाच्या मांडवातून घोडा घेऊन निघून जात होती. काकू खूप हसल्या, आणि मग जरा जास्तच वेळ गप्प बसल्या. माझं काहीतरी चुकलं असं वाटून मी पुस्तक न घेताच घरी पळाले.

काकूंचं नाव वसुधा. यजमान वसंतराव वीज मंडळात होते. ते गेले तेव्हा मुलगा बंगळूरला नोकरीला लागलेला होता. तो दर रविवारी फोन करायचा, "आई, तिकडे एकटी काय करतेस?" म्हणायचा, आणि काकू "लायब्ररी" एवढंच उत्तर द्यायच्या. त्यांच्या तोंडी सतत एक वाक्य असे, "घाई कोणाला आहे?" कुकरची शिट्टी होईना, रिक्षा मिळेना, पाहुणे येईनात, काकूंचं ठरलेलं, घाई कोणाला आहे. माझ्यासारख्या तुसड्या आणि उतावळ्या बाईला ते ऐकून चीड यायची. मी राऊच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे कॉलनीतल्या झाडून सगळ्या मोबाइलची दुखणी माझ्याच दारात येतात. विसरलेला पासवर्ड घेऊन येणाऱ्याला मी आधी चार शब्द सुनावते आणि मग मदत करते. काकू म्हणायच्या, "मिनू, तू चहा चांगला करतेस, पण उकळताना फार आवाज करतेस."

मंडळाच्या वर्धापनदिनाला आमचे सचिव बंडूभिया (आमच्याकडे भैयाचं भिया होतं) यांनी मंडळाची वेबसाइट काढली. बंडूभिया म्हणजे उत्साहाचं धरण. दार उघडलं की खालची गावं वाहून जाणार. त्यांनी मंडळाच्या जुन्या वार्षिक अंकांतलं निवडक साहित्य टाइप करवून साइटवर चढवलं. एका दुपारी कॉलेजात रिकामा तास होता म्हणून मी ते चाळत बसले आणि एका नावाशी अडकले. कु. कुमुद दिघावकर, महू. सात गोष्टी होत्या. एकीत छावणीतल्या बँडमास्तरची मुलगी होती, जिला वडील गेल्यावर घरातली शांतता सहन होत नाही. दुसरीत एक बाई रोज स्टेशनवर जाते, कोणाला आणायला नाही, नुसती माणसं उतरताना बघायला. मी सातही गोष्टी एका बैठकीत वाचल्या आणि संध्याकाळी तशीच लायब्ररीत गेले. "काकू, ही कुमुद दिघावकर कोण? पुढे कुठे लिहिलं का हिने? कुठे असते आता?"

काकू फाटक्या पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घालत होत्या. त्यांनी कागदाची घडी नखाने दाबली आणि म्हणाल्या, "इथेच असते. कव्हरं घालते."

मला हे खरंच वाटेना. चाळीस वर्षं जिने दुसऱ्यांची पुस्तकं वाटली, तिने स्वतः लिहिलेलं कधी कोणाच्या हातात ठेवलं नव्हतं. "लग्नानंतर का नाही लिहिलंत?" मी विचारलं. "ती कुमुद लिहायची," काकू म्हणाल्या, जणू शेजारणीबद्दल बोलत होत्या. "वसुधाला वेळ नव्हता."

पुस्तक काढायचं हे माझं खूळ नव्हतं, अक्काचं होतं. अक्का म्हणजे काकूंची थोरली बहीण. ती महूला शाळेत शिक्षिका होती, लग्न केलं नाही, आणि आता भाचा संजूकडे राहायची. तिचे डोळे जात चालले होते. छापील अक्षर तिला दिसत नसे, पण संजूने आणलेल्या टॅबवर अक्षरं बोटाने ताणून मोठी करता यायची, एका पानावर पाच-सहा शब्द मावतील एवढी मोठी. असं तिचं वाचन चाललं होतं. कुमुदच्या गोष्टी साइटवर आल्याचं मी सांगितलं तेव्हा अक्का फोनवर म्हणाली, "साइटवर कशाला? त्या तर मी शाई वाळायच्या आधी वाचल्यात. त्यांचं पुस्तक कर. दुकानात ठेव. वर कुमुदचं नाव घाल. मी विकत घेणार." मी म्हटलं, दुकानाचं काय एवढं, फाइल मी तुमच्या टॅबवर टाकून देते. अक्का मास्तरणीच्या आवाजात म्हणाली, "फुकट मिळालेलं पुस्तक घरच्यांचं असतं. विकत घेतलेलं लेखिकेचं असतं." काकूंच्या मुलाने छापून देण्याची तयारी दाखवली होती, पण छापलेलं अक्काला दिसणार नव्हतं. म्हणून ई-पुस्तक, आणि म्हणून ते ऑनलाइन दुकान, जिथे कोणालाही आपलं पुस्तक स्वतः विकायला ठेवता येतं. म्हणजे ठेवता येतं असं ते दुकान म्हणतं.

आम्ही काकूंच्या नावाने खातं उघडलं, पुस्तक चढवलं, मुखपृष्ठावर "कुमुद दिघावकर" घातलं. मुखपृष्ठावर टोपणनाव चालतं, त्याची अडचण नव्हती. अडचण दुसरीच निघाली. दुकानाचं उत्तर आलं की या गोष्टी इंटरनेटवर दुसऱ्या लेखिकेच्या नावाने आधीच प्रसिद्ध आहेत, तरी त्या विकण्याचा हक्क तुमच्याकडे असल्याचा पुरावा द्या. दुसरी लेखिका म्हणजे मंडळाच्या साइटवरची कुमुद. खातं वसुधाचं, गोष्टी कुमुदच्या. काकूंनी दुसऱ्या बाईचं लेखन उचललं आहे, असा दुकानाचा संशय होता.

मी तडकून उत्तर लिहायला बसले, तर काकूंनी माझा हात धरला. "आधी नमस्कार लिही. मग लिही की आपण सर्व कुशल असाल." मी म्हटलं, "काकू, तिकडे माणूस आहे की मशीन आहे ते माहीत नाही." "मशीन असेल तर तिचं काय बिघडतं? माणूस असेल तर त्याला बरं वाटेल." खाली सही करणारं नाव दर वेळी वेगळं असायचं. कधी डॅनियल, कधी प्रिया, कधी नुसतं "आपला मदतगट". काकूंच्या ते सगळं लक्षात असे. प्रियाचं उत्तर आलं की त्या विचारायच्या, "डॅनियल रजेवर गेला का गं? मागच्या वेळी फार थकल्यासारखा लिहीत होता." मी कपाळाला हात लावायची. पण त्यांच्या सांगण्यावरून प्रत्येक पत्रात नमस्कार आणि कुशल जात राहिलं, आणि तिकडून प्रत्येक वेळी तेच उत्तर येत राहिलं, की आम्ही आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत, पुरावा द्या.

मग प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं, की कुमुद आणि वसुधा एकच. लग्नाची नोंदणी त्या काळी कोणी करत नसे. काकूंची महूची शाळा कधीच बंद पडली होती. दोन्ही नावांनी ओळखणारं माणूस जगात एकच उरलं होतं. दिवाळीनंतर आम्ही महूला गेलो आणि अक्काला रिक्षात घालून नोटरीच्या ऑफिसात नेलं. नोटरी भला माणूस होता, पण त्याने नियमाप्रमाणे विचारलं, "माताजी, सबूत क्या है कि ये वही हैं?" अक्का काठी आपटून म्हणाली, "सबूत मैं हूँ। इसको मैंने गोद में खिलाया है।" नोटरीने शिक्का उचलला.

त्या दुपारी अक्काने तांदळाच्या ताटाची गोष्ट सांगितली. आमच्याकडे लग्न होऊन मुलगी सासरी आली की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा त्यात सोन्याच्या अंगठीने तिचं नवं नाव लिहितो. मग पेढे वाटतात. अक्का पाठराखीण म्हणून बहिणीबरोबर आली होती. वसंताला जुळणारं म्हणून वसुधा, हे सासूबाईंनी ठरवलेलं होतं. "मला पेढा दिला," अक्का म्हणाली. "मी हातात धरून बसले. विहीणबाई म्हणाल्या, घ्या की, तोंड गोड करा. मी म्हटलं, आमची मुलगी पुसून टाकलीत आणि वर पेढा देता?"

"अक्का, खरंच म्हणालीस तू असं?" काकूंनी डोळे विस्फारून विचारलं.

"मनात म्हणाले. मोठ्यांदा म्हणाले, छान आहे नाव."

दोघी बहिणी हसून हसून लाल झाल्या. मला हसू येईना. निघताना अक्काने विचारलं, "कधी येणार पुस्तक दुकानात?" काकू सवयीने म्हणाल्या, "येईल गं, घाई कोणाला आहे?" अक्का म्हणाली, "मला आहे." तेव्हापासून काकूंच्या तोंडून ते वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही. उलट रोज संध्याकाळी लायब्ररी उघडण्याआधी त्या माझ्या दारात उभ्या राहायच्या. "आलं का काही?"

आलं. प्रतिज्ञापत्र मिळालं, आभार, आता कुमुद या व्यक्तीचं फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र जोडा. कुमुदच्या वेळी असली ओळखपत्रं नव्हती, आणि ओळखपत्रं आली तेव्हा कुमुद नव्हती. हे मी तीन निरनिराळ्या प्रकारे इंग्रजीत लिहून पाहिलं. कोणालाच ते समजलं नाही. मग मी बंडूभियांना गाठलं आणि म्हटलं, साइटवरून त्या सात गोष्टी काही दिवस काढून टाका, म्हणजे दुकानाला आक्षेप राहणार नाही. बंडूभियांनी सगळं ऐकून घेतलं. "दीदी, एवढंच ना? टेन्शन नका घेऊ. काकूंचं काम म्हणजे आपलं काम. आज के आज करून देतो."

दुसऱ्या दिवशी ते पोह्यांची पुडी घेऊन काकूंकडे हजर झाले, मलाही बोलावून घेतलं. "काढायचं कशाला?" ते खुशीत म्हणाले. "मी सगळीकडे नावच सुधारून टाकलं. कुमारी बिमारी सगळं हटवलं. आता बघा, सौ. वसुधा वसंतराव! काकू, इतकी वर्षं आमच्या साइटवर तुमचं जुनं नाव चालून राहिलं होतं, मला तर शरम वाटली. ज्येष्ठ बाईंना मान द्यायला पाहिजे ना, भिया?" कुमुदचं नाव जगाला दिसेल अशा एवढ्या एकाच ठिकाणी शिल्लक होतं. बंडूभियांनी ते मान म्हणून पुसलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून त्यांना शिव्या घालायची पण सोय नव्हती.

काकूंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्या बंडूभियांना म्हणाल्या, "पूर्वीसारखं करा." बंडूभिया गडबडले. "पण काकू, आता तर तुमचं काम होऊन जाईल. दुकानात पण हेच नाव, इथे पण हेच नाव, मॅटर खतम." ते खरंच होतं. नाव जुळलं की दुकान दुसऱ्या दिवशी परवानगी देणार होतं. फक्त मुखपृष्ठावरही मग वसुधा घालावं लागणार होतं, कारण एकदा संशयात सापडलेलं कुमुदचं नाव पुराव्याशिवाय दुकान आता टोपणनाव म्हणूनही चालू देत नव्हतं. "मला काम नको," काकू म्हणाल्या. "मला ती हवी आहे." आवाज चढला नव्हता, पण बंडूभिया पोहे तिथेच टाकून गेले. काकूंनी त्या दिवशी लायब्ररी उघडली नाही.

बंडूभियांनी नाव परत घालायच्या आतच महूहून संजूचा फोन आला. अक्का न्हाणीघरात पडली होती, डोक्याला मार होता, दवाखान्यात ठेवलं होतं. तो म्हणाला, "आत्या, डॉक्टर म्हणून राहिले की डोळ्यांचा भरवसा नाही, आणि बाकीचाही नाही. जे दाखवायचं आहे ते दाखवून घ्या." काकूंनी फोन ठेवला. मग मला म्हणाल्या, "बंडूला सांग, राहू दे. पुस्तकावर वसुधा घाल."

मी म्हटलं, "काकू, अजून थोडे दिवस बघू. मी पुन्हा लिहिते त्यांना."

"अक्का थांबेल का थोडे दिवस? अक्काला माहीत आहे ना वसुधा म्हणजे कोण. ती ओळखेल."

मी मुखपृष्ठ बदललं. कुमुदच्या जागी वसुधा टाइप करताना मला तांदळावर फिरणारी अंगठी दिसत होती. दुकानाने इतके महिने अडवून धरलेलं पुस्तक तिसऱ्या दिवशी विक्रीला लागलं. "आपलं पुस्तक वाचकांना उपलब्ध झाल्याबद्दल अभिनंदन." काकूंनी यावेळीही उत्तर लिहायला लावलं. त्यांनी सांगितलेले आभार मी दातओठ खात टाइप केले.

अक्का घरी आल्याचं कळल्यावर आम्ही महूला गेलो. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती, डोक्याला पट्टी, चेहरा एवढासा झालेला. काकूंना बघताच तोंडभर हसली. "आलीस कुमुद? एवढ्या उन्हात? बाबा रागावतील." बाहेर थंडी होती आणि त्यांचे बाबा जाऊन पन्नास वर्षं झाली होती. संजूने आम्हाला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की मोठ्या आत्याला लहानपणचं सगळं आठवतं, मधलं मात्र कुठे कुठे गेलंय. काकूंनी मान हलवली आणि अक्काच्या पायांशी जाऊन बसल्या.

संजूने टॅबवर दुकान उघडून दिलं. विकत घ्यायचं बटण अक्काने स्वतः दाबलं. बोट दोनदा चुकीच्या जागी पडलं, पण तिने कोणाला हात लावू दिला नाही. पुस्तक उघडलं. अक्षरं ताणून मोठी केली. अक्का टॅब नाकाशी धरून एकेक शब्द जोडत वाचू लागली. बँडमास्तरच्या मुलीची गोष्ट होती. काकू तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, परीक्षेचा निकाल वाचणाऱ्याकडे बघावं तशा.

बऱ्याच वेळाने अक्काने टॅब मांडीवर ठेवला. "छान लिहिते गं ही," ती म्हणाली. "कोण ही वसुधा? तुझ्या ओळखीची आहे का?"

काकूंचा हात अक्काच्या पायावर होता. तो तिथेच राहिला.

"पुढे काय होणार ते मला आधीच कळत होतं," अक्का म्हणाली. "कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं. अगदी तुझ्यासारखं लिहिते, कुमुद." मग तिने पुढे वाकून काकूंच्या गालावर चापट मारली, लहान मुलीला मारावी तशी. "बघ, हिने सोडलं नाही. तू सोडलंस."

मी तोंड उघडलं. मला ओरडून सांगायचं होतं, की अक्का, ही तीच आहे, तुमच्या मांडीवर खेळलेली. काकूंनी माझ्याकडे न बघताच माझं मनगट घट्ट धरलं.

"हो गं अक्का," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."

"आता तरी लिही."

"लिहिते."

परतताना राऊपर्यंत काकू खिडकीबाहेर बघत होत्या. मला रडू आवरत नव्हतं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी दुकानाला, बंडूभियांना, काकूंच्या मेलेल्या सासूबाईंना, सगळ्यांना बोलत सुटले. काकूंनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "अक्काने वसुधाला आज पहिल्यांदा चांगलं म्हटलं." त्या हसायचा प्रयत्न करत होत्या. तो जमला नाही, आणि मग गाडीत आम्ही दोघी रडलो.

होळीच्या आधी अक्का गेली. शेवटच्या दिवसांत संजू तिला ते पुस्तक वाचून दाखवत असे, आणि प्रत्येक गोष्टीनंतर ती म्हणायची, "आमची कुमुद पण लिहायची." काकू तेरा दिवस महूला राहिल्या. त्या परत आल्या आणि त्याच आठवड्यात दुकानाचं पत्र आलं. मी हट्टाने मागची तक्रार चालूच ठेवली होती, ती कोणा शहाण्या माणसाच्या हाती पडली असावी. आपलं प्रतिज्ञापत्र आम्ही स्वीकारत आहोत, लेखिकेचं नाव कुमुद दिघावकर करण्यास हरकत नाही, विलंबाबद्दल क्षमस्व. मी धावतच काकूंकडे गेले. त्या अक्काचं एक लुगडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

त्यांनी पत्र ऐकलं. "नाव बदललं तर अक्काच्या टॅबवरच्या पुस्तकातलं पण बदलेल का?"

मी म्हटलं, बहुतेक बदलेल.

"मग नको. अक्काने विकत घेतलेलं पुस्तक आहे ते. तिला आवडलेलं. ते आहे तसं राहू दे."

"काकू, पण तुम्हाला ती हवी होती ना?"

त्या लुगड्यावरून हात फिरवत राहिल्या. "अक्का गेल्यावर समाचाराला किती माणसं आली गं," त्या म्हणाल्या. "शाळेतल्या मुली आल्या, त्यांच्या नातवंडांना घेऊन आल्या. कुमुद पण त्याच दिवशी गेली. तिला कुमुद म्हणणारी गेली, म्हणजे तीही गेलीच की. तिच्या समाचाराला कोणी आलं नाही. येणार कोण? कोणाला माहीतच नव्हती ती."

मी त्यांच्याजवळ बसून राहिले आणि अंधार पडल्यावर उठून दिवा लावला.

पावसाळ्यानंतर मुलगा त्यांना बंगळूरला घेऊन गेला. कपाटांच्या किल्ल्या त्यांनी माझ्या हातात दिल्या. अक्काला "लिहिते" म्हणाल्या होत्या, पण त्यांनी काही लिहिलं नसावं. मी विचारलं की विषय बदलायच्या. गेल्या वर्षी त्या तिकडेच वारल्या. मंडळाने हॉलमध्ये शोकसभा ठेवली. बंडूभिया हुंदके देऊन रडले, आणि ते रडणं खरं होतं. सगळे वसुधाताईंबद्दल बोलले. त्यांचा हसरा स्वभाव, त्यांची शिस्त, चाळीस वर्षांची निःस्वार्थ सेवा. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी हात जोडून नको म्हटलं. मला जिच्याबद्दल बोलायचं होतं तिचा फोटो तिथे लावलेला नव्हता.

तर कुमुद दिघावकर नावाची एक मुलगी महूला राहत होती. तिने सात गोष्टी लिहिल्या, चांगल्या लिहिल्या. तिला एक थोरली बहीण होती. हे लिहून मी तिच्या समाचाराला आले आहे. यायला उशीर झाला.